मुक्या खोलीतली बैठक

ताईला टेबलाचा खण रिकामा करताना पाहिलं, तेव्हाच डेसिबलला कळायला हवं होतं, की आता आपल्या हातून काहीतरी भयंकर चांगलं काम घडणार आहे. वाईट कामांनी झालेलं नुकसान मोजता येतं, कधीकधी भरूनही काढता येतं. चांगल्या कामांनी होणारं नुकसान मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. निघालंच, तर ते तपासणीसाठी बहुधा डेसिबलच्याच टेबलावर येईल.

ती ध्वनिचाचणी विभागात कनिष्ठ तपासनीस होती. पंखे, पंप, मिक्सर, भोंगे, बाजारात जाण्याआधी जे जे आवाज करतं ते ते तिच्यासमोर येऊन आवाज करून जायचं आणि ती तो मोजून दाखला द्यायची. स्वतः मात्र ती इतक्या हळू बोलायची, की विभागातल्या एकाने गमतीत तिच्या तोंडासमोर मीटर धरला, तर मीटरने तिला सोडून भिंतीवरच्या घड्याळाची नोंद केली. तेव्हापासून तिचं नाव डेसिबल पडलं, ते घरापर्यंत पोचलं. "हिचं नाव ठेवताना आम्ही सगळे महिनाभर भांडलो," आत्या म्हणायची, "ते भांडण फुकट गेलं."

आणि ताई म्हणजे विभागातली सगळ्यांची ताई, उपकरणं दुरुस्त करणारी इंजिनिअर. विभागातलं प्रत्येक यंत्र एकदा तरी तिच्या हाताखाली उघडं पडलेलं होतं. पण ती होती करारावर. करार वर्षाचा. तो संपत आला की आपण माणूस आहोत की दुधाची पिशवी, असा तिला प्रश्न पडे.

"ताई, काय शोधतेयस?"

"शोधत नाहीये गं. सोडतेय."

"काय?"

"हेच सगळं. नवा करार आलाय सहीला, पण मी नाही करणार सही. दिराच्या कापडदुकानात बसते. त्यांना विश्वासाचं माणूस हवंय."

"अगं पण तू इंजिनिअर आहेस!"

"तिथेही मीटर लागतोच की. फक्त लोखंडी पट्टीचा."

झालं होतं असं, की दोन वर्षांपूर्वी विभागात एक नवा इंजिनिअर आला. ताईने त्याला सोल्डरिंगचा डाग द्यायला शिकवलं, माइक उघडायला शिकवलं, उघडलेला माइक परत बंद करायलाही शिकवलं, जे त्याहून अवघड असतं. आणि आता त्या नव्याला कायम करून ताईचा वरिष्ठ नेमलं होतं. "तुम्हीच शिकवलंय त्याला," साहेब ताईला कौतुकाने म्हणाले, "म्हणजे तुमचं दोघांचं छान जमेल."

"माझंच काहीतरी कमी पडलं असणार," ताई म्हणाली आणि खणातला स्क्रू-ड्रायव्हर रुमालात गुंडाळायला लागली.

हे वाक्य डेसिबलच्या मनाला लागलं, आणि मनापेक्षाही तिच्या शिक्षणाला लागलं. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे तिला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. ताईकडे नमुना एकच होता: ती स्वतः. तिला आणखी नमुने दाखवायला हवे होते. गावात विज्ञान-तंत्रज्ञानात काम करणाऱ्या बायका जमवायच्या, ताईला त्यांच्यात बसवायचं, सगळ्यांनी आपापलं सांगायचं. मग दोष ताईत आहे की आणखी कुठे, ते आपोआप दिसेल. ताई सही करेल. करार संपायच्या आत एक बैठक, बस. इतकी साधी गोष्ट.

बायका मिळाल्या, आणि त्याही अशा वेगाने, की डेसिबललाच धास्ती वाटली. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातली रसायनतज्ज्ञ 'येते' म्हणाली. मोबाइलच्या मनोऱ्यांवर चढून दुरुस्ती करणारी एक होती, तिने कशाबद्दल आहे हे न विचारताच 'येते' म्हटलं. रुग्णालयात काचपट्टीवर रक्त तपासणारी तर फोनवर म्हणाली, "खरंच कुणी बोलावतंय?" विभागात त्यांची नावं पाणीवाली, टॉवरवाली आणि काचवाली अशी पडली.

आता वेळ ठरवायची. दुसरी कुणी असती तर 'रविवारी या गं' म्हणून मोकळी झाली असती. डेसिबलने आलेख काढला. प्रत्येकीच्या मोकळ्या वेळेला एक रंग दिला. पाणीवालीचे जंतू रविवारी सुट्टी घेत नव्हते. टॉवरवालीचे मनोरे नेमके शनिवारी आजारी पडायचे. काचवालीची दुपार मोकळी होती, पण ती सासूबाईंच्या गुडघ्यांची वेळ होती. सगळे रंग एकमेकांवर ठेवले तेव्हा सर्वांना सोयीची म्हणून जी जागा उरली, ती स्वच्छ पांढरी होती. गणितात याला रिक्त संच म्हणतात. घरात याला संसार म्हणतात. शेवटी डेसिबलने प्रश्नच उलटा केला: सर्वांची गैरसोय सारखी होईल अशी वेळ कोणती? ती लगेच सापडली. रविवारची सकाळ.

"चार बायकांना भेटायला आलेख?" आत्या म्हणाली. "आम्ही जिन्यात उभं राहून निम्मा जन्म बोललो. कुणी रंगीत पेन्सिल आणली नव्हती."

घरी बोलावण्याचा प्रश्न नव्हता. घरात दोन खोल्या. एकीत बाबांची झोप आणि दुसरीत आत्या. आणि आत्या ज्या बैठकीत बसते ती बैठक आत्याची होते, हे सगळ्या नातेवाइकांनी आपापल्या खर्चाने सिद्ध केलेलं होतं. राहिला इमारतीचा हॉल. त्याची किल्ली नियमकाकांकडे.

नियमकाका खालच्या मजल्यावर राहत आणि इमारतीचे सचिव होते. जन्मभर त्यांनी एका कचेरीत नोकरी केली. तिथे नेमकं काय काम चालायचं ते त्यांच्या बायकोलाही सांगता यायचं नाही, पण जे काय चालायचं ते तीन प्रतींत चालायचं, एवढं नक्की.

"विषय?" नियमकाकांनी विचारलं.

"विज्ञान आणि तंत्रज्ञानात काम करणाऱ्या बायकांनी भेटायचं."

"भेटून?"

"बोलायचं."

"कशाविरुद्ध?"

"विरुद्ध नाही काका. नुसतंच."

"नुसतं बोलायला हॉल मिळत नाही पोरी. नुसतं बोलायला जिना आहे. बरं, अध्यक्ष कोण?"

"अध्यक्ष नाही कुणी."

"मग शेवटी आभार कोण कुणाचे मानणार?"

नियमकाकांनी मोठ्या मनाने स्वतःच अध्यक्ष व्हायचं कबूल केलं. "मला विज्ञानाची आवड आहे," ते म्हणाले. "शाळेत असताना मी कायम खिशात लोहचुंबक बाळगायचो."

तेवढ्यावर भागलं असतं. पण हॉलची गोष्ट जिन्यात गेली, आणि जिना काही पोटात ठेवत नाही. संध्याकाळपर्यंत इमारतीत पक्कं झालं, की रविवारी इंजिनिअर बायका येणार आहेत आणि फुकट दुरुस्ती करून देणार आहेत. डेसिबल कामावरून आली तर दारात मिक्सरांची रांग. एक इस्त्री. एक पंखा, त्याला पत्ता बांधलेला. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी तर कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं, आणि ते कानात नसल्यामुळे 'आजोबा, हा दुरुस्तीचा मेळावा नाही' हे त्यांना कितीही वेळा सांगितलं तरी ते "सावकाश कर, घाई नाही" एवढंच म्हणत राहिले.

"यात बिघडलं काय?" नियमकाका म्हणाले. "आधी मिक्सर बघून घ्या, मग उरलेल्या वेळात बोला. भाडं माफ करतो."

डेसिबलला राग असा येत नसे. पण तिच्या डोळ्यांसमोर ताई उभी राहिली. नोकरी सोडायच्या आधी जगातल्या तिच्यासारख्या बायकांना भेटायला आलेली, आणि पुढ्यात दुसऱ्या मजल्यावरचा मिक्सर. तिने जमेल तितक्या ताठ आवाजात सांगितलं, "हॉल नको आम्हाला." नियमकाका म्हणाले, "काय?" तिने पुन्हा सांगितलं. मग एकेक मिक्सर उचलून ज्याच्या त्याच्या दारात परत नेऊन ठेवला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बटण दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी नुसता बंद होता. तू हात लावलास आणि आता खरखरतोय."

राहता राहिली मुकी खोली.

मुकी खोली म्हणजे विभागाचा अभिमान. भिंतींना, छताला, खाली जमिनीलाही फोमचे हातहात लांब सुळके, त्यामुळे आवाज जिथे जातो तिथेच मरतो, परत येत नाही. चालायला अधांतरी ताणलेली तारेची जाळी. यंत्राचा आवाज बाहेरच्या कशाचीही भेसळ न होता मोजायचा तर अशीच खोली लागते. रविवारी ती रिकामी असे. किल्ली साहेबांकडे.

साहेब, म्हणजे विभागप्रमुख, वाईट माणूस नव्हते. त्यांना आयुष्यात दोनच गोष्टी प्रिय होत्या, शांतता आणि सही. अहवाल समोर ठेवला की ते न वाचता सही करत. ध्वनिनोंदी तर त्यांनी उभ्या नोकरीत एकही ऐकली नव्हती. "ऐकायला तुम्ही आहात ना," असं ते म्हणत, आणि ते म्हणणं आपल्यावरचा विश्वास आहे असं सगळे समजत.

"रविवारी खोली? ती फक्त चाचणीसाठी देता येते," साहेब म्हणाले.

"मग चाचणी म्हणूनच घेते सर."

"काय तपासणार?"

"मानवी संभाषण."

"वा! आजवर आपण नुसती यंत्रंच तपासली," साहेब म्हणाले आणि सही केली.

आता इथे दुसरी कुणीही असती तर तिने किल्ली घेतली असती, खोली उघडली असती आणि विषय संपला असता. पण खोली चाचणीसाठी घेतली, म्हणजे चाचणी झाली पाहिजे, असं डेसिबलचं पक्कं मत होतं. नोंद न करता चाचणी झाली म्हणायचं, हे तिच्याकडून होणं शक्य नव्हतं. त्यापेक्षा तिने कुणाच्या घरी जाऊन चोरी केली असती, आणि तीही पावती ठेवून. तिने माइक सुरू केले. बायकांना तसं सांगायला हवं होतं, हे तिला नंतर कळलं. त्या वेळी ते डोक्यातही आलं नाही. रोज पाहायची गोष्ट माणसाला दिसत नाही. सुताराला खुर्चीतला खिळा दिसतो का? आणि ताईला कळायचा एक मार्ग होता, माइकचा लाल दिवा. पण त्या दिव्याची बारीक गुणगुण नोंदीत उतरते म्हणून तो ताईनेच मागच्या वर्षी काढून टाकला होता.

रविवारी पाचही जणी आत आल्या आणि जाड दार बंद झालं. सुरुवातीला फारच वाईट गेलं. त्या खोलीत माणसाला स्वतःच्या पोटातलं ऐकू येतं. काचवाली कानांवर हात ठेवून म्हणाली, "माझंच रक्त वाहताना ऐकू येतंय, आणि ते मी तपासलेलंही नाही." टॉवरवाली, जी ढगांजवळ बसून डबा खाते, ती तारेच्या जाळीवर पाऊल टाकताच पांढरी पडली आणि चौघींचे हात धरून आत आली.

"मनोऱ्यावर भीती नाही वाटत?" पाणीवालीने विचारलं.

"तिथे खाली जमीन दिसते. इथे खाली काय आहे तेच कळत नाही."

त्या खोलीची आणखी एक रीत आहे. बोलणाऱ्याने तोंड फिरवलं की त्याचं बोलणं अर्ध्यावरच संपतं. म्हणून ऐकायचं तर बोलणारीकडे तोंड करून, तिच्याकडे बघत बसावं लागतं. कुणाला मध्येच पिशवी आवरता येत नाही, फोन बघता येत नाही. आपल्याकडे इतका वेळ कुणी बघितलं नव्हतं, हे त्यांच्यातल्या एकीच्याही लगेच लक्षात आलं नाही. पण आवाज बदलले.

टॉवरवालीने सांगितलं, की मनोऱ्यांच्या आसपास बायकांसाठी कुठेच सोय नसते, म्हणून कामाच्या दिवशी ती सकाळपासून पाणीच पीत नाही. पाणीवाली म्हणाली, "मी अख्ख्या शहराचं पाणी पिण्यालायक करते, आणि तू पीत नाहीस." सगळ्या हसल्या. त्या खोलीत हसण्याचा प्रतिध्वनी येत नाही. हसणं थांबलं की जणू कुणी हसलंच नव्हतं असं होतं, त्यामुळे त्या पुन्हा हसल्या. काचवालीने सांगितलं, की तिने शोधलेल्या आजारांवर दुसऱ्याची सही जाते. ते तिने अंगवळणी पाडून घेतलंय. पण परवा एक बाई सही करणाऱ्याचे आभार मानायला आली आणि खुर्ची आणायला हिलाच सांगितलं.

मग ताई बोलली. हळूच, सपाट, यंत्राचा दोष समजावून सांगते तशी. नव्याबद्दल बोलली. साहेबांबद्दल बोलली. गेल्या वर्षी माइकच्या वायरीतला दोष तिने शोधला तेव्हा साहेबांनी तो स्वतःच्या नावाने वर कळवला, आणि सत्काराच्या वेळी टाळ्या वाजवायला तिला पुढच्या रांगेत बसवलं, हे सांगितलं. "मला काम करून कंटाळा नाही आला," ती म्हणाली. "मला काम येतं हे सांगून कंटाळा आलाय. रोज पहिल्यापासून सांगायचं. आणि सगळं सांगून झालं, की वाटतं खरंच येत नसेल."

"हट्," टॉवरवाली म्हणाली. "तुला येत नाही, तर मलाही येत नाही, हिलाही येत नाही. म्हणजे काय, शहराचं पाणी आपोआप स्वच्छ होतंय?"

ताईने तोंडावर हात ठेवला. बाकीच्या तिच्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

बाहेर पडताना ती डेसिबलला म्हणाली, "उद्या सकाळी सही करते त्या कराराला. निदान एक वर्ष काढू. आणि पुढच्या महिन्याचं ठरव गं. पण आलेख नको."

डेसिबल त्या दिवशी घरी गेली ती रोज मोजते त्या पायऱ्या मोजायच्या विसरून. प्रयोग यशस्वी झाला होता.

सोमवारी सकाळी ताईने सही करून कागद साहेबांच्या टेबलावर पाठवला, आणि दुपारी डेसिबल रविवारची नोंद तपासायला बसली. तिने हेडफोन कानाला लावला. ताईचा आवाज स्वच्छ आला. साहेबांचं नाव त्याहून स्वच्छ आलं.

एक बटण दाबलं की नोंद गेली असती. पण डेसिबलने आजवर एकही नोंद पुसलेली नव्हती, नकोशी आली म्हणून तर नाहीच. शास्त्रात तेच एक पाप आहे, असं तिच्या प्राध्यापकांनी सांगितलं होतं. त्यांनी ते पंपांबद्दल सांगितलं होतं, हे मात्र तिच्या लक्षात आलं नाही.

घरी तिने गोष्ट नाव न घेता विचारली.

"गप्प बस," आत्या म्हणाली. "कुणी विचारलं नाही त्याचं उत्तर देऊ नये. बटण दाब आणि जेवायला ये."

पण आत्याला विज्ञानातलं काय कळतं, असं डेसिबलला वाटलं आणि ती खाली नियमकाकांकडे गेली. नियमकाका मिक्सरांचा अपमान विसरले होते. "लेखी कळव," ते ठामपणे म्हणाले. "आपण होऊन लेखी कळवलं, की आपल्याकडे दोष राहत नाही. मी अख्खी नोकरी अशी काढली."

दोष कुणाकडे जातो, हे तिने विचारलं नाही.

मंगळवारी तिने अर्ज केला. विषय: अनवधानाने झालेली ध्वनिनोंद पुसण्याची परवानगी मिळण्याबाबत. कारणाच्या रकान्यात ती अडखळली, पण कारण खोटं लिहिता येत नव्हतं आणि रकाना मोकळाही ठेवता येत नव्हता. तिने लिहिलं: सदर नोंदीत विभागप्रमुखांविषयी खासगी स्वरूपाचा मजकूर असल्याने.

याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण हात दाखवणारेही निदान ज्योतिष्याकडे जातात.

साहेबांनी पेन उघडलं. मग नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी सही करायच्या आधी कागद वाचला. दोनदा वाचला. "आणा बरं ते," ते म्हणाले. त्यांना हेडफोन लावता येईना. डाव्या कानाचा उजवीकडे लावत होते. डेसिबलनेच तो सरळ करून दिला. आवाज नीट येतोय ना, हेही विचारलं. सवय.

साहेबांच्या खोलीचं दार काचेचं होतं. ती बाहेरून बघत होती. आधी ते मान डोलवत होते. मग मान थांबली.

बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा अतिशय सभ्य होता. "नोंदीचा दर्जा उत्तम आहे," ते म्हणाले. "एक शब्द सुटलेला नाही. शाबास. ताईंना पाठवा."

ताई आत गेली आणि लगेच बाहेर आली. करारावर तिची सही होती. साहेबांची व्हायची राहिली होती, ती आता होणार नव्हती. कागदावर कारण होतं: विभागाच्या आवारात आरडाओरडा करून शिस्तभंग. ताईने डेसिबलकडे पाहिलं. रागाने नाही. दुरुस्त झालेलं यंत्र पुन्हा बिघडून आलं की ती पाहायची, तसं. "माइक चालू होते?" तिने विचारलं.

"चाचणी म्हणून घेतली होती ना खोली," डेसिबल म्हणाली.

"हो," ताई म्हणाली. "बरोबर आहे." आणि रुमालातला स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकून गेली.

डेसिबल साहेबांकडे गेली. तिला एवढंच सांगायचं होतं, की ताई ओरडली नव्हती.

"काय म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

तिने पुन्हा सांगितलं.

"ऐकू येत नाही. मोठ्याने बोला की जरा."

तिने श्वास घेतला आणि जन्मात कधी काढला नव्हता इतका आवाज काढून म्हणाली, "ताई ओरडली नव्हती, सर!"

"ओरडू नका," साहेब म्हणाले.

बाकीच्या तिघींना सांगणं भाग होतं. भाग नव्हतं खरं तर, पण डेसिबलला होतं. पाणीवालीने फोनवर सगळं ऐकून घेतलं. "माझंही आहे त्यात?"

"हो."

"किती?"

"सगळं."

पाणीवालीने तिथेच फोन ठेवला. काचवालीने फोन उचललाच नाही, पुढेही नाही. टॉवरवाली मात्र हसली. "पुढची बैठक मनोऱ्यावर घे," ती म्हणाली. "वाऱ्यात कुणाला काही ऐकू येत नाही, आणि वर चढून कुणी अर्ज करत नाही." पण कधी घेतेस, हे तिने विचारलं नाही.

कापडदुकान मोठ्या रस्त्याच्या वळणावर होतं. डेसिबल बाहेर बराच वेळ उभी राहिली, मग दिराने "आत या ना, बघायला पैसे पडत नाहीत" म्हटल्यावर आत गेली. ताई एका बाईला अस्तराचं कापड फाडून देत होती. तिने हातानेच बस म्हणून खूण केली. गिऱ्हाईक गेलं.

"काय म्हणतोय विभाग?"

"ताई, मी..."

"ते नको. दुसरं सांग. पुसली का शेवटी ती नोंद?"

डेसिबलला खोटं बोलायची चांगली संधी होती. "नाही," ती म्हणाली. "परवानगी नाही मिळाली. नोंद इतकी स्वच्छ आलीय म्हणून साहेबांनी नमुना म्हणून ठेवायला सांगितलीय. माइक नीट चालतात का ते बघायला नवा रोज सकाळी तीच लावतो."

"रोज?"

"रोज. तुझा भाग. त्यात मागची खरखर अजिबात नाही."

ताईने हातातली कात्री उघडली, मिटली. "आणि ऐकतो तो?"

"नाही. फक्त काटा बघतो."

"मीच शिकवलं त्याला," ताई म्हणाली. "माइक तपासताना शब्दांकडे लक्ष द्यायचं नाही म्हणून. चांगला शिकलाय." मग एकदम म्हणाली, "किती भरतो गं माझा आवाज?"

"साठच्याही आत," डेसिबल म्हणाली. हे तिला येत होतं. ती पुढे सरसावून बसली. "ताई, साधं बोलणं असतं तेवढा. कुठल्याही मिक्सरपेक्षा कमी. पूर्ण नोंदीत एकदाही वर गेलेला नाही. आरडाओरडा म्हणताच येणार नाही त्याला, कुठल्याच व्याख्येत. माझ्याकडे आकडे आहेत. मी तसा दाखला करून देते तुला, शिक्क्यासकट. वरच्या कार्यालयाला पाठवते, साहेबांना एक प्रत देते, म्हणजे त्यांना लेखी..."

ताईने कात्री गल्ल्यावर ठेवली आणि डेसिबलचा हात घट्ट धरला, पडणाऱ्या माणसाचा धरतात तसा.

"नको गं," ती म्हणाली. "तू कुणालाच काही लेखी देऊ नकोस."